अनुभव धागा : उत्तर येत होते, पण…

धागाकर्ता, नाशिक

३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि रात्री नऊच्या ठोक्याला आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसेनासे झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. ते प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणारे तरुण होते, त्यामुळे तीच तयारी करणाऱ्या माझ्यासारख्यांना घरातून ‘तू का जात नाहीस?’ हा प्रश्न रोजच्या भाजीसारखा वाढला जाऊ लागला. मी गेलो, पण पुष्कळ वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर.

हॉट सीटपर्यंत मी पोहोचलो नाही. दहा जणांच्या अर्धवर्तुळात बसून चार पर्याय योग्य क्रमाने लावण्याची जी फेरी असते, तिथेच माझी मजल संपली. घरी जुन्या रिमोटच्या चार कळांवर अ, ब, क, ड अशा चिकटपट्ट्या लावून मी महिनाभर सराव केला होता. प्रश्न आला तोही आमच्या दारातला: गोदावरी, भीमा, कृष्णा आणि कावेरी यांची उगमस्थाने उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, महाबळेश्वर, तलकावेरी ही ठिकाणे मी डोळे मिटून सांगितली असती. अडचण एवढीच झाली की मी खरोखरच ती मनात एकेक करून म्हटली आणि मग बोट हलवले. क्रम बरोबर आला, पण शेजारच्या गृहस्थांनी तोच क्रम माझ्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने आधी लावला होता.

दूरचित्रवाणीवरील कोणत्याही प्रश्नमंजुषेत स्पर्धक, सोबती किंवा फोनवरचा मित्र म्हणून ज्यांनी भाग घेतला असेल, त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. रक्कम सांगितलीच पाहिजे असे नाही. उत्तर येत असताना नेमके काय झाले, ते मात्र सविस्तर लिहावे.

निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर

मी स्पर्धक नव्हतो. मी ‘फोन अ फ्रेंड’ होतो. साल २०००. माझ्या बालमित्राने जी तीन नावे दिली होती, त्यांत माझे एक होते, आणि ठरलेल्या दिवशी दुपारपासून दूरध्वनीपाशी बसून राहावे, असा निरोप मला आला होता. मी ग्रंथपाल असल्याने मराठी विश्वकोशाचे खंड घरी आणून जेवणाच्या टेबलावर अकारविल्हे मांडून ठेवले. तीस सेकंदांत खंड शोधून, नोंद काढून, वाचून उत्तर देता येईल असे मला का वाटले, हे आज सांगता येत नाही. पत्नीने त्या दिवशी कुकर लावला नाही, कारण शिट्टीच्या आवाजात प्रश्न ऐकू आला नाही तर काय, अशी तिला भीती होती.

फोन आला. पलीकडून तो सर्वपरिचित आवाज ऐकून मी उभा राहिलो, हे माझे मलाच नंतर कळले. मग मित्र घाईघाईने बोलू लागला. पडद्यावरचा प्रश्न होता की भारताच्या संविधान सभेचे अस्थायी अध्यक्ष कोण होते, आणि घाबरलेल्या माझ्या मित्राने वाचताना ‘अस्थायी’ हा एकच शब्द गाळला. मी छातीठोकपणे राजेंद्रप्रसादांचे नाव सांगितले. ‘कितना पक्का?’ असे त्याने विचारले, त्यावर ‘सौ प्रतिशत’ असेही वर सांगितले. उत्तर होते सच्चिदानंद सिन्हा, जे मला तितकेच पक्के ठाऊक होते. मित्र १ लाख ६० हजारांवरून १० हजारांवर आला. मैत्री टिकली आहे. तो चहाला आला की मी त्याला ‘या, अस्थायी पाहुणे’ असे म्हणतो आणि तो दर वेळी तितकाच चिडतो.

शिक्षिका, सातारा जिल्हा

धागाकर्त्यांच्या त्या अर्ध्या सेकंदाबद्दल वाचून वाईट वाटले, कारण मी नेमकी त्याच्या दुसऱ्या बाजूला होते. बोटाची फेरी मी कशी जिंकले, ते मला आजतागायत आठवत नाही.

हॉट सीट ही पडद्यावर दिसते त्यापेक्षा बरीच उंच असते आणि साडी नेसून तिच्यावर चढणे हीच माझ्या दृष्टीने पहिली परीक्षा होती. साडीही माझ्या पसंतीची नव्हती. बारीक चौकड्या आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात, त्यामुळे मी नेलेल्या तीनपैकी दोन साड्या बाद झाल्या आणि उरलेल्या एका प्लेन साडीच्या पदराला माइक अडकवला गेला. कमरेला त्याची डबी, वर बर्फासारखा गारठा आणि समोर अमिताभ बच्चन. शाळेत पन्नास मुलांसमोर माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिथे मात्र माझे नाव सांगताना तो फुटेना.

माझी खरी अडचण भाषेची होती. हिंदी मला उत्तम येते, पण मी विचार मराठीत करते, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर प्रथमच जाणवले. प्रत्येक प्रश्न मनात मराठी करून घ्यायचा, उत्तर शोधायचे आणि पुन्हा हिंदीच्या पर्यायांशी जुळवायचे, यात सेकंद जात होते. ६ लाख ४० हजारांचा प्रश्न महाराष्ट्राच्या राज्यपुष्पाचा होता. आमच्या शाळेच्या फाटकाशी ताम्हणाचे झाड आहे, मे महिन्यात त्याच्याखाली जांभळा सडा पडतो आणि राज्यपुष्पाचा पाठ मी मुलांना त्याच झाडाखाली शिकवते. पडद्यावर पर्याय होते पलाश, कमल, जारूल आणि चमेली. ताम्हण कुठेच नाही! मी चक्क गडबडले आणि प्रेक्षकांचे मत मागितले. सर्वांत जास्त मते कमळाला पडली. तेवढ्यात, कोण जाणे कोठून, सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतील पत्र्याची पाटी डोळ्यांसमोर आली: ‘ताम्हण (जारूळ)’. प्रेक्षकांच्या विरोधात जाऊन मी जारूल म्हटले आणि ते बरोबर आले.

तिथेच थांबायला हवे होते. पुढचा प्रश्न १२ लाख ५० हजारांचा होता: देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त कोण होते? मला दोन नावे आठवत होती, सुकुमार सेन आणि सुंदरम. ताम्हणाच्या जोरावर चढलेली हिंमत अजून उतरली नव्हती. मी सुंदरम म्हटले. ते दुसरे आयुक्त होते. मी ३ लाख २० हजारांच्या पडावावर परत आले.

धागाकर्ता, नाशिक

ताई, ताम्हणाची गोष्ट फार आवडली. एक व्यावहारिक शंका: कर किती कापला गेला?

शिक्षिका, सातारा जिल्हा

अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर असतो. त्याला कोणतीही वजावट चालत नाही. माझे ९६ हजार जागच्या जागी कापले जाऊन २ लाख २४ हजार खात्यात आले. वर ४ टक्के उपकराचे ३ हजार ८४० रुपये विवरणपत्र भरताना भरावे लागले, ज्याची मला कल्पनाच नव्हती. नातेवाइकांना मात्र आजही पूर्ण ३ लाख २० हजारच दिसतात, आणि काहींना तर मी हातची घालवलेली रक्कमही.

संगणक अभियंता, न्यू जर्सी

आमच्याकडे ‘जेपर्डी!’ हा खेळ अनेक दशके चालू आहे. त्यात सूत्रसंचालक उत्तर वाचतो आणि स्पर्धकाने ते प्रश्नाच्या रूपात परत करायचे असते, म्हणजे नुसते ‘शनिवारवाडा’ म्हणून भागत नाही, ‘शनिवारवाडा काय आहे?’ असे म्हणावे लागते. प्रवेशासाठी पन्नास प्रश्नांची ऑनलाइन चाचणी असते, प्रत्येकाला पंधरा सेकंद. मी ती सलग सहा वर्षे दिली.

एका दिवसात पाच भाग चित्रित होतात, त्यामुळे जिंकणारा स्पर्धक कपडे बदलून ‘दुसऱ्या दिवसाचा’ होऊन परत येतो. मीही बदलायचे दोन जोड नेले होते. त्यांची घडी मोडली नाही. सारा खेळ अंगठ्याखालच्या बटणाचा आहे. वाचन पूर्ण होऊन फलकाभोवतीचे दिवे लागण्यापूर्वी बटण दाबले, तर ते पाव सेकंद बंद पडते आणि तेवढ्या वेळात दुसरा उत्तर देऊन मोकळा होतो. त्या दिवशी एक प्रश्न वाघूर नदीच्या वळणावरील लेण्यांचा होता. माझे आजोळ जळगावचे. लहानपणी प्रत्येक सुट्टीत पाहुणे आले की त्यांना अजिंठा दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. मी इतक्या आतुरतेने बटण दाबले की ते अर्थातच आधी दाबले गेले, आणि माझ्या डावीकडच्या, अजिंठ्याचा उच्चारही धड न येणाऱ्या बाईंनी ते गुण नेले. मी तिसरी आले. तिसऱ्या क्रमांकाला तेव्हा १००० डॉलर मिळत. विमान आणि हॉटेल स्वतःच्या खर्चाने असल्याने ते तिथेच संपले. आईला मी अजिंठ्याचे सांगितलेले नाही.

इतिहास अभ्यासक, पुणे

‘मास्टरमाइंड इंडिया’, सूत्रसंचालक सिद्धार्थ बसू, काळी खुर्ची आणि चेहऱ्यावर झोत. पहिली दोन मिनिटे आपण निवडलेल्या विषयावर, पुढची दोन सामान्य ज्ञानावर. माझा विषय पानिपतची तिसरी लढाई हा होता, ज्यावर मी तेव्हा दहा वर्षे वाचन केले होते. मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख कोण, असे विचारले गेले. इब्राहिमखान गारदीचे नाव माहीत नसलेला माणूस पुण्यात तरी मला भेटलेला नाही. परंतु माझ्या डोक्यात त्याच क्षणी गारद्यांच्या पलटणींचे संख्याबळ, त्यांच्या पगाराचे वाद आणि गोलाच्या लढाईचा, म्हणजे सैन्याचा गोल करून लढण्याच्या पद्धतीचा, सगळा तपशील एकदम उसळला आणि नाव तेवढे बुडाले. मी ‘पास’ म्हणालो. गुण समान झाल्यास ज्याचे पास कमी तो पुढे जातो. गुण समान झाले.

दंतवैद्य, ठाणे

शाळेत असताना ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’मध्ये होतो. दोघांचा संघ होता. जोडीदाराने कानात बरोबर उत्तर सांगितले, मी ते माझे नव्हते म्हणून दिले नाही. तो आता माझ्याकडे दात दाखवायला येतो. भूल व्यवस्थित देतो.

सोबती, सातारा जिल्हा

वर ताम्हणाचा आणि सुंदरम यांचा अनुभव लिहिणाऱ्या शिक्षिका माझ्या पत्नी आहेत. मी त्यांच्यासोबत गेलो होतो आणि प्रेक्षकांत अशा जागी बसलो होतो, जिथून मला त्यांची पाठमोरी वेणी आणि पडद्यावरचे चारही पर्याय दिसत होते.

मी महसूल खात्यात नोकरी केली आणि निवडणुकीच्या कामावर इतक्या वेळा गेलो की सुकुमार सेन यांचे नाव मला झोपेतही सांगता आले असते. नेमक्या त्याच प्रश्नाच्या वेळी त्या गारठ्याने माझा घसा खवखवू लागला. २००१ मध्ये ब्रिटनमधील मूळ कार्यक्रमात एका स्पर्धकाने खोकल्याच्या खुणांवर दहा लाख पौंड जिंकल्याचे उघड झाले होते आणि पुढे न्यायालयाने त्याला व त्याच्या पत्नीलाही दोषी ठरवले, हे मी वाचलेले होते. त्यामुळे तोंडावर रुमाल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी तो खोकला दाबला. कॅमेऱ्याने ते पाणी टिपले आणि प्रक्षेपणात ते अभिमानाचे अश्रू म्हणून दाखवले गेले. आमच्या गावात त्याबद्दल माझे अजून कौतुक होते.

परतीच्या एस.टी.त, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, तिने मला विचारले, “तुम्हाला येत होतं का हो?” मी नाही म्हणालो. ती हा धागा रोज वाचते.