नात्यांच्या शब्दांत साडू राहिला की!

कुणीतरी विचारलंय की मुलीच्या सासऱ्यांची ओळख करून देताना एका शब्दात काय म्हणायचं. अहो आहे ना शब्द, व्याही, आणि त्यांच्या मिसेस विहीण, इंग्रजीत बसा शोधत. संस्कृत वैवाहिकवरून आलाय तो, तसाच यातृवरून जाऊ आणि ननांदृवरून नणंद.

पण सगळ्यात भारी शब्द साडू, बायकोच्या बहिणीचा नवरा, ज्याच्याशी रक्ताचं काही नाही पण सासरी सगळ्यात जास्त पटतं त्याच्याशीच. माझा साडू नाशिकला सिडकोत राहतो, मी पंचवटीत. २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा सासूबाईंनी दोघांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, चांदीच्या वाटीत दिवा अन् मोजून तेहतीस अनारसे, आणि साडूने सगळ्यांसमोर मोजले तर त्याच्यात बत्तीस!! बायको म्हणे मोजायचे नसतात, मेव्हणीचा चेहरा बघण्यासारखा. माझ्यातला एक काढून दिला तेव्हा मिटलं.

हाक मारायला मात्र सगळे भावजीच, दीर पण भावजी, नणंदेचा नवरा पण भावजी, त्यामुळे लग्नघरात भावजी म्हटलं की चार माना वळतात. २०२६ ला परत अधिक, ज्येष्ठ, त्या वेळी मीच मोजणारे.