पन्नासच्या दशकातले दहा चित्रपट: माझं घोडं दहाव्यावर अडलंय

तिसरी घंटा:

माझं आणि धाकट्या भावाचं एक जुनं खूळ आहे. वर्षाला एक दशक घ्यायचं, दोघांनी आपापले सर्वोत्तम दहा चित्रपट काढायचे आणि मग फोनवर भांडायचं. नियम एकच: यादीतला प्रत्येक चित्रपट निदान दोनदा पाहिलेला हवा आणि त्यातलं एक पाहणं गेल्या दोन वर्षांतलं हवं. हा नियम मीच आणला. पहिल्या वर्षी दोघांनी आठवणीवर याद्या केल्या होत्या. नंतर पुन्हा बघायला बसलो, तर निम्मे चित्रपट फक्त आठवणीतच चांगले होते.

यंदा पन्नासचं दशक. नऊ नावं पक्की झाली. कुरोसावाचे 'इकिरू' (1952) आणि 'सेव्हन सामुराय' (1954), ओझूचा 'टोकियो स्टोरी' (1953), सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (1955), ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (1956). मग 1957चे तीन: बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज', गुरुदत्तचा 'प्यासा', ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. आणि त्रुफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' (1959).

दहाव्या जागेसाठी दोघे दारात उभे आहेत, कुरोसावाचाच 'राशोमोन' (1950) आणि हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (1958). मला 'राशोमोन' हवाय. भावाचं म्हणणं, दशक 1951ला सुरू होतं, त्यामुळे तो बाद. शिवाय 'व्हर्टिगो' नसलेली यादी तो उघडूनही बघणार नाही म्हणे. 'साईट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या 2012च्या कौलात 'व्हर्टिगो'ने 'सिटिझन केन'ला खाली उतरवून पहिला नंबर घेतला, हे मला दर फोनला ऐकवलं जातं.

माझी अडचण अशी आहे (पुढे रहस्यभेद आहे, पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा). चित्रपटाचा साधारण अर्धा तास उरलेला असताना ज्युडी, म्हणजे नायक स्कॉटीला मेलेल्या मॅडलिनसारखी दिसणारी मुलगी, पत्र लिहायला बसते आणि सगळं रहस्य आपल्याला सांगून मोकळी होते. तीच मॅडलिन होती, तो खून होता, वगैरे. इतका वेळ ज्यासाठी मान मोडून बसलो ते असं टेबलावर मांडून ठेवायचं? दोन्ही वेळा याच ठिकाणी माझा रस गेला. मूळ फ्रेंच कादंबरीत हे गुपित शेवटापर्यंत राखलेलं आहे, म्हणजे हिचकॉकने हे मुद्दाम केलं. का केलं ते मला कळत नाही. कुणी समजावेल का? की बिनधास्त 'राशोमोन' टाकू?


अर्धं तिकीट:

एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट, असा नियम करा. कुरोसावाचे तीन-तीन झाल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? मिझोगुचीचा 'उगेत्सू' आणि 'सान्शो द बेलिफ' दोन्ही याच दशकातले, आणि तुमच्या यादीत मिझोगुचीचं नावच नाही. हे मला 'व्हर्टिगो'पेक्षा जास्त खटकलं.


तिसरी घंटा:

मिझोगुचीबद्दल कान पकडते. 'उगेत्सू' एकदाच पाहिलाय, त्यामुळे नियमात बसत नाही. पण एकाचा एकच हे नाही पटत. ती मग शाळेच्या स्नेहसंमेलनातली बक्षिसं होतात, प्रत्येकाला एक.


रिळाचा डबा:

आधी भावाचा निकाल लावू. त्याचं गणित बरोबर आहे, पण ते 'विसाव्या शतकाच्या सहाव्या दशका'चं आहे. ते 1951 ते 1960. तुम्ही 'पन्नासचं दशक' म्हणताय. त्यात ज्या वर्षाच्या नावात पन्नास आहे ते सगळं आलं, 1950 ते 1959. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त सोयीप्रमाणे बदलायच्या नाहीत.

भाऊ 1951वर अडून बसला तर त्याला 1960 आत घ्यावं लागेल, आणि 1960 म्हणजे धरण फुटल्यासारखं वर्ष आहे. 'सायको', 'द अपार्टमेंट', 'ला दोल्चे व्हिता', 'लाव्हेन्तुरा', गोदारचा 'ब्रेथलेस', घटकांचा 'मेघे ढाका तारा', आपला 'मुघल-ए-आझम'. एक 'राशोमोन' बाहेर काढायला जाल आणि सात जण घरात शिरतील. विचारा त्याला, चालेल का.

वर्ष कोणतं धरायचं, हाही घोळ आधीच मिटवून टाका. 'राशोमोन' जपानमध्ये लागला 1950मध्ये, व्हेनिसला गोल्डन लायन मिळालं 1951मध्ये. युरोप-अमेरिकेच्या लेखी तो 1951 नंतरचाच. 'टोकियो स्टोरी' तर 1953चा असून न्यूयॉर्कमध्ये रीतसर लागायला 1972 उजाडलं. 'पथेर पांचाली'चं उलटं: 1955च्या मे महिन्यात आधी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये दाखवला गेला, कलकत्त्यात नंतर लागला. मी मायदेशातलं पहिलं प्रदर्शन धरतो. नाहीतर त्या त्या वेळच्या कुठल्याच यादीत ओझू सापडणार नाही.


कडू कारलं:

यादी वाचली. एकही माणूस हसत नाही. 'सिंगिंग इन द रेन' (1952), ताटीचा 'मिस्टर ह्युलोज हॉलिडे' (1953), 'सम लाइक इट हॉट' (1959), सगळे याच दशकातले. सर्वोत्तम म्हणजे सुतकीच असायला पाहिजे का? 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' काढा आणि ताटी घ्या. ते मुळात 1954चं टीव्ही नाटक, एका खोलीत बारा माणसं बोलताहेत. त्यात सिनेमा कुठे आहे?


तिसरी घंटा:

सुतकी म्हणालात, मान्य. भाऊही हेच म्हणतो. पण 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'ला हात लावू देणार नाही. पुढच्या वेळी आवाज बंद करून बघा, मी बघितलाय. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर असतो, खोली मोकळी वाटते. मग तो नजरेच्या पातळीवर येतो, मग त्याखाली जातो आणि छत दिसायला लागतं. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या होत जातात, त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन चिकटते. ल्युमेटचा हा पहिलाच चित्रपट. खोली तीच, आणि 96 मिनिटांत ती आकसत जाते. नाटकात हे कसं करणार?


निळी छत्री:

ताई, मी 'व्हर्टिगो'ची वकिली करायला आले आहे, पण साक्षीदार तुमच्याच यादीतले बोलावते.

पहिला साक्षीदार 'अ मॅन एस्केप्ड'. नावातच सांगून टाकलंय की माणूस निसटला. तरी कैदी फोंतेन चमच्याने दाराच्या फळ्या खरवडतो तेव्हा आपला श्वास अडकतोच ना? सुटेल का हा प्रश्नच नाही. लाकडाचा आवाज बाहेर जातोय का, भुसा लपला का, दोरी पुरेल का, एवढंच डोक्यात असतं. ब्रेसाँने शेवट आधीच देऊन टाकला म्हणून आपण हातांकडे बघतो.

दुसरा साक्षीदार 'इकिरू'. सुरुवातच पोटाच्या एक्स-रेने होते. निवेदक सांगतो की या माणसाला कॅन्सर आहे, आणि वातानाबेला स्वतःला ते अजून माहीत नाही. पुढे दवाखान्यात शेजारचा रुग्ण त्याला बडबडत लक्षणं ऐकवतो. आपल्याला आधीच माहीत असल्यामुळेच तो प्रसंग सहन होत नाही. तिथे तुमचा रस गेला का? उलट तुम्ही तो यादीत घेतलात.

आता ज्युडीचं पत्र. ते काढून टाकलं असं समजा. मग पुढचा अर्धा तास आपण स्कॉटीच्या डोळ्यांनी बघतो: अरे, ही तशीच दिसते, हिला करड्या रंगाचा सूट घाला, हिचे केस सोनेरी करा. आपणही त्याच्या वेडात सामील. पत्र ठेवलं की आपण तिच्या बाजूला सरकतो. दुकानात तो एकामागून एक सूट नाकारतो तेव्हा ती का कासावीस झाली आहे हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, म्हणून ती होऊ देते. आणि होऊ दिलं तर पकडली जाणार, हेही तिला ठाऊक आहे. शेवटी केस बांधून ती हॉटेलच्या पाटीच्या हिरव्या उजेडातून चालत येते. त्याच्यासाठी ती मेलेली बाई परत येते आहे. आपल्यासाठी एक जिवंत बाई पुसली जाते आहे. पत्राशिवाय या प्रसंगाला एकच बाजू राहिली असती.

हिचकॉक हे नेहमी सांगायचा: टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, मग टेबलावरच्या फालतू गप्पाही जिवावर येतात. इथे टेबलाखालचा बाँब म्हणजे ज्युडी स्वतः.

आणि भावाला म्हणावं, कौलाचं सारखं सांगू नकोस. 'व्हर्टिगो' 1958मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी त्याला काही डोक्यावर घेतलं नव्हतं. त्या कौलाच्या पहिल्या दहांत तो 1982मध्ये आला. 2022मध्ये पुन्हा दुसऱ्यावर गेला, शांताल अकेरमनचा 'जान दिएलमन' वर आला. आधार कौलाचा असेल तर दर दहा वर्षांनी यादी बदलावी लागेल.


मागची रांग:

वरचा प्रतिसाद वाचून टोपी काढली. माझी भर दुसऱ्या बाजूने: 'राशोमोन' न घेण्याचं कारण 'व्हर्टिगो' नाही, 'इकिरू' आहे.

'इकिरू'चा नायक चित्रपट बराच शिल्लक असताना मरतो. पुढचा सगळा भाग त्याच्या श्राद्धाच्या बैठकीत घडतो. कचेरीतले सहकारी दारू पीत बसलेत आणि प्रत्येकाची साक्ष वेगळी. मरण्याआधी त्याने वस्तीसाठी झटून उभी केलेली बाग, तिचं श्रेय नक्की कुणाचं? उपमहापौर श्रेय स्वतःकडे घेतो. मग वस्तीतल्या बायका येऊन नुसत्या रडतात, आणि त्या रडण्याने त्याची सगळी साक्ष खोटी पडते. हळूहळू एकेकाला काहीबाही आठवतं, तुकडे जुळतात. शेवटी पोलीस येऊन सांगतो, त्या रात्री बर्फात म्हातारा झोपाळ्यावर बसून गात होता.

'राशोमोन'चीच ही युक्ती, दोन वर्षांनी मोठी होऊन आलेली. तिथे एका खुनाच्या साक्षी एकमेकींना खोडतात आणि सत्य हाताला लागत नाही. इथे खोडता खोडता एक माणूस उभा राहतो. आणि मग सगळे पिऊन शपथा घेतात की आपणही त्याच्यासारखं वागू, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत फायली जिथल्या तिथे. त्याच माणसाने तेच काम पुढे नेलंय, तर पहिला खर्डा वेगळा कशाला घ्यायचा? 'राशोमोन'मध्ये छायाचित्रकार मियागावाने पानांआडून थेट सूर्यावर लावलेला कॅमेरा मला आजही थक्क करतो. पण वेशीवर शेवटी सापडणारं ते तान्हं बाळ मला दर वेळी चिकटवलेलं वाटतं.


कडू कारलं:

'राशोमोन'ला खर्डा म्हणणाऱ्यांचा निषेध. बाकी चालू द्या.


अर्धं तिकीट:

बाळाबद्दल सहमत. खर्ड्याबद्दल अजिबात नाही. 'राशोमोन'मध्ये लाकूडतोड्या सांगतो त्या चौथ्या हकिकतीत दोघे पुरुष इतके घाबरून लढतात की तलवारी हातात थरथरताहेत. हे 'इकिरू'त कुठे आहे?


तिसरी घंटा:

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण नियमाप्रमाणे पुन्हा बघत होते. 'इकिरू'ची श्राद्धाची बैठक दोनदा, 'राशोमोन' पूर्ण आणि 'व्हर्टिगो' तिसऱ्यांदा.

निळी छत्री, तुमच्या साक्षीदारांनी घात केला. ब्रेसाँ मी इतक्या प्रेमाने यादीत घातला आणि त्याने तर शेवट नावातच छापलाय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. या वेळी पत्राच्या प्रसंगानंतर मी स्कॉटीकडे बघायचंच नाही असं ठरवलं, फक्त ज्युडी झालेल्या किम नोव्हाककडे बघितलं. दुकानात ती बाजूला जाऊन तोंड फिरवते. आधीच्या दोन्ही वेळा मला वाटलं होतं, वैतागली असेल. ती वैतागलेली नाहीये, ती घाबरलेली आहे. मग सबंध शेवटचा भागच दुसरा चित्रपट झाला.

'राशोमोन' बाहेर गेला. अर्धं तिकीट यांचा तलवारींचा मुद्दा बरोबर आहे, ते भांडण बघताना मी खुर्चीच्या कडेला आले होते. पण मागची रांग यांनी बायकांच्या रडण्याकडे बोट दाखवल्यावर ती बैठक मला डोक्यातून काढता येईना. खर्डा म्हणणार नाही मात्र.

रिळाचा डबा, 1960ची तुमची फौज भावाला वाचून दाखवली. पाच सेकंद फोनवर काही नाही. मग म्हणाला, "ठीक आहे, 1950 धर." आता 'राशोमोन' त्याने स्वतःच्या यादीत घेतलाय, आणि मी कसा वगळला म्हणून मलाच ऐकवतोय.

'व्हर्टिगो'ला मी दहावा नंबर दिलाय, वर सरकवणार नाही. पत्राचं पटलं, पण शेवटी मनोऱ्यात अंधारातून ऐन वेळी उगवणारी ती जोगीण अजून पटलेली नाही. तुम्ही 'राशोमोन'च्या बाळाला चिकटवलेलं म्हणता, मग हिला काय म्हणायचं?


निळी छत्री:

जोगिणीची वकिली मी घेतलेली नाही. तिच्यासाठी दुसरा वकील बघा.