मेकअपचा पसारा: काय टाकलं, काय ठेवलं, कुठे ठेवलं?

प्रतापनगर

पोळा आठवड्यावर आलाय. दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" सुरू झालं की आमच्याकडे कपाटं उघडायची, ही घरची रीत. यंदा मी मेकअपचा ड्रॉवर धरलाय. आपल्या नागपुरात या सामानाची वर्षातून तीनदा वाट लागते. मे महिन्यात ते वितळतं, कूलरच्या आणि पावसाच्या ओलीने त्याला वास धरतो, आणि मग गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या सेलमध्ये त्याच्यावर नवीन येऊन पडतं.

तर लिहा, नावाऐवजी आपली वस्ती टाकून. काय टाकलंत, काय टाकवत नाही, उरलेलं कुठे ठेवता. फक्त "अमुक पारदर्शक ऑर्गनायझर घ्या" हे नको. माझ्याकडे ते आहेत आणि त्यांच्यात चार्जर आणि सेफ्टी पिना राहतात.

त्रिमूर्तीनगर

मी आधी सगळं एका जागी आणलं. हॉलमध्ये जुनी चादर पसरली आणि ड्रॉवर, बाथरूम, सगळ्या पर्सेस, ऑफिसची बॅग, स्कूटीची डिक्की, जिथे म्हणून काही असेल ते आणून ओतलं. डिक्की विसरू नका. नागपूरच्या बायकांचं निम्मं सामान तिथेच असतं आणि तिथेच मरतं.

मग ढीग केले, कंपनीप्रमाणे नाही, वस्तूप्रमाणे. काजळं एकीकडे, लिपस्टिक एकीकडे. ढीग घातल्याशिवाय कळत नाही की आपल्या बहुतेक लिपस्टिक एकाच विटकरी गुलाबी रंगाच्या आहेत. दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक वेगळी वाटलेली असते! हातावर ओळीने रेघा ओढून घरच्यांना दाखवल्या. नवरा सोडा, कॉलेजातल्या मुलीलाही फरक सांगता आला नाही.

तारखांचं म्हणाल तर खोक्यावरची "यूज बिफोर" ही न उघडलेल्या मालाची. उघडल्यानंतरचं वेगळं. बऱ्याच डब्यांवर झाकण उघडलेल्या बरणीचं बारकं चित्र असतं, त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा. उघडल्यापासून तेवढे महिने. मस्कारा आणि लिक्विड लायनर सगळ्यात आधी जातात, तीन ते सहा महिन्यांत. लिक्विड फाउंडेशन साधारण वर्षभर, पावडर दोनेक वर्षं. पण उघडलं कधी, हे कोणाला आठवतं? म्हणून आता नवीन काही उघडलं की तळाला कागदी चिकटपट्टी लावून महिना-वर्ष लिहिते. दिसायला अगदी लोणच्याच्या बरणीसारखं दिसतं, दिसू दे.

सदर (ब्रायडल मेकअप करते)

वरच्या तारखा बरोबर आहेत, पण त्या बेताच्या थंड खोलीसाठी. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तर याहून जास्त तापतं. लिपस्टिक म्हणजे मेण आणि तेल. तापली की तेल सुटून वर बारीक थेंब येतात, आम्ही त्याला घाम येणं म्हणतो. नुसता घाम असेल आणि वास ठीक असेल तर टिश्यूने टिपा आणि वापरा. खवट वास आला, फेका. महाग होती म्हणून वास जात नाही. फाउंडेशन हलवूनही पाणी एकीकडे आणि रंग एकीकडे राहिला तर तेही गेलं समजा.

कॉम्पॅक्टवर चकचकीत कडक थर चढतो तो चेहऱ्याच्या तेलाचा, पफवरून आलेला. त्यावर सेलोटेप दाबून हलकेच उचला, खालची पावडर नीट निघते. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारून पूर्ण वाळू द्या. हे फक्त पावडरसाठी. क्रीम आणि मस्काराला हा उपाय नाही. सुकलेल्या मस्काऱ्यात पाणी घालणाऱ्या मुली मला दर सीझनला भेटतात, त्यांच्यापुढे हात जोडते.

फ्रिजबद्दल सगळे विचारतात. पावडर ठेवू नका, बाहेर काढली की ओल धरते. लिपस्टिक आणि क्रीम हवाबंद डब्यात घालून उन्हाळ्यापुरतं चालेल. माझं किट सगळ्यात आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर माळ्यावर काहीही ठेवू नका, स्लॅब रात्रीसुद्धा तापलेला असतो. आणि कूलरच्या तोंडासमोर ड्रेसिंग टेबल असेल तर आधी ते टेबल हलवा, मग बाकी आवरा.

महाल

आमचं एकत्र कुटुंब. मी पलंगावर पसारा मांडून बसले तर सासूबाई दारात. "काय करून राहिली वं दुपारपासून?" सांगितलं. त्या आत गेल्या आणि स्वतःची फणेरपेटी घेऊन आल्या. आरसा, फणी, पितळी करंडा, मेणाची डबी, आणि अफगाण स्नो या जुन्या क्रीमची रिकामी बाटली, तिच्यात आता केसांचे आकडे. अजूनही आधी मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू. घामाने हलत नाही. माझी चोवीस तास टिकणारी लिपस्टिक पोह्यांच्या एका प्लेटमध्ये जाते.

म्हणाल्या, "याच्यात मावलं तेवढंच वापरलं म्या. पेटी मोठी राहिली असती तं सामान वाढलं असतं." पटलं मला. सगळ्यांसाठी मिळून एक डबा ठरवला, तो भरला की नवीन आणायचं नाही. जाऊबाईंनी डबा कबूल केला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचा वेगळा डबा आणला. आणि सासूबाईंच्या स्टीलच्या डब्यांची संख्या मी इथे लिहीत नाही, त्यांना वाचून दाखवणारे घरात बरेच आहेत.

मानेवाडा

काहीच टाकत नाही मी. लग्नातली लिपस्टिक आहे, लावत नाही, हुंगत नाही, फक्त आहे. ड्रॉवर माझा आहे.

हुडकेश्वर

मी वेगळं लिहिते, राग मानू नका. मी पार्लरमध्ये काम करते. आई धुणीभांडी करायची. तुम्ही आवराआवर करून "फेकण्यापेक्षा मावशींना देऊ" म्हणता ना, ते सामान आमच्या घरी यायचं. तळ दिसणारं कॉम्पॅक्ट, ओठाला लावलेली लिपस्टिक, दोरे सुटणारं नेलपॉलिश. आई नाही म्हणू शकायची नाही. पिशवी हसून घ्यायची आणि येता येता नाक्यावरच्या कचऱ्यात टाकायची. कधी कधी विसरून घरी आणायची, मग आम्ही बहिणी लावायचो आणि ओठ खाजवत बसायचो.

तुमच्या ओठांना जी जुनी झाली ती आमच्या ओठांना ताजी कशी होईल? द्यायचं तर सील न फोडलेलं द्या, तारीख बघून द्या, आणि रंग विचारून द्या. माझ्या बहिणीला गडद मरून आवडतो. तिच्या वाट्याला सगळे फिके गुलाबीच आले.

शंकरनगर

पुरुषाने लिहिलेलं चालत असेल तर. आम्ही हौशी नाटकवाले, राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. ग्रुपचा मेकअप म्हणजे पत्र्याची ट्रंक: चेहऱ्याला लावायचे पॅनकेक आणि ग्रीज पेंट, क्रेपच्या दाढ्या-मिशा, त्या चिकटवायचा स्पिरिट गम. पूर्वी राजा, शिपाई आणि खलनायक एकाच स्पंजाने रंगायचे. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा तालमीला निम्मी मंडळी काळे चष्मे लावून. मग काजळाच्या सगळ्या पेन्सिली आणि ब्रश फेकले. आता प्रत्येकाचा स्पंज आणि काजळ स्वतःचं, ट्रंकेत फक्त सामाईक चालेल तेच. स्पिरिट गम पेट घेतो, म्हणून तो चहाच्या शेगडीपासून लांब, वेगळ्या डब्यात.

मिशा मात्र कोणी टाकू देत नाही. उंदरांनी कुरतडलेली एक आहे, तिलासुद्धा भूमिका मिळते.

लक्ष्मीनगर

टिकल्यांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? माझ्याकडे पाकिटंच पाकिटं, आणि आरशाच्या काठावर वेगळी फौज. गोंद वाळलेल्या सगळ्या काढल्या, आरसा मोठा झाला.

एक विचारायचं होतं. घट्ट झालेलं नेलपॉलिश आणि रिमूव्हर कुठे टाकायचं? बेसिनमध्ये ओतू का?

त्रिमूर्तीनगर

बेसिनमध्ये अजिबात नको, ओल्या कचऱ्यातही नको. दोन्ही ज्वलनशील. घनकचरा नियमांप्रमाणे असल्या वस्तू वेगळ्या द्यायच्या घातक कचऱ्यात येतात, जुनी औषधं, रंगाचे डबे यांच्यासारख्या. झाकण घट्ट लावून वेगळ्या पिशवीत बांधा आणि कचरागाडीवाल्या दादांना सांगून हातात द्या. परफ्यूम आणि डिओचंही तसंच, कॅन भोसकू नका.

धरमपेठ

हुडकेश्वरच्या ताईंचं वाचून माझ्या पिशवीतलं निम्मं सामान परत कचऱ्याच्या ढिगात गेलं. एक फाउंडेशन उरलंय, सील तसंच आहे, तारीख पुढच्या वर्षीची. ऑनलाइन मागवलं, रंग माझ्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ आला आणि परत करायची मुदत गेली. लावलं तर मी माझीच मारबत दिसेन, पिवळी. कोणाला चालेल?

सदर

मला चालेल, किटमध्ये तो रंग लागतोच. फुकट नको, बदल्यात गडद मरून लिपस्टिक देते, तीही सील न फोडलेली. ती हुडकेश्वरला पाठवा. शनिवारी गोकुळपेठ मार्केटला येणार आहे, पाच वाजता जमेल का? फाउंडेशन डिक्कीत ठेवून आणू नका फक्त.