मदत हवी आहे : बाबांचा आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय, ऑपरेशन होऊ शकतं का?

नमस्कार. बाबा ६३ वर्षांचे, कराडजवळ राहतात. शौचाला रक्त पडायचं, ते मूळव्याध समजून आठ महिने मलम आणि इसबगोलवर काढले. दिवाळीनंतर पँट कमरेवर राहीना, तेव्हा कोलोनोस्कोपी केली. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या डाव्या टोकाला गाठ निघाली. पेट-सीटीत लिव्हरवर चार डाग आहेत, उजवीकडे तीन आणि डावीकडे एक. मोठा ४.२ सेंमीचा. फुप्फुसं स्वच्छ. सीईए (रक्तातला कॅन्सरचा निर्देशक) ८६.

पहिले डॉक्टर म्हणाले, चौथी स्टेज आहे, केमो देत राहू, ऑपरेशनचा विषय नाही. पुण्यात दुसऱ्यांना दाखवलं तर ते म्हणाले, केमोच्या चार-सहा सायकल (फेऱ्या) देऊ आणि मग लिव्हर सर्जनला विचारू. रिपोर्ट तोच, मग एवढी तफावत कशी? केमो सोमवारी सुरू करायचीय. केशरी कार्ड आहे, महात्मा फुले योजनेत काय बसतं?

बाबांना फक्त 'गाठ' माहीत आहे. परवा स्कॅनचं पाकीट उलटसुलट करत म्हणाले, "काविळीचं बघितलं का रे त्यांनी?" मी पाणी आणायला उठलो.

पाऊलवाट : आईचं जवळपास असंच होतं, २०२० साली. सहा सायकलनंतर डाग आक्रसले. पण उजवा भाग काढला तर डावा पुरणार नव्हता. म्हणून आधी उजवीकडे जाणारी पोर्टल व्हेन (आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणारी शीर) आतून बंद केली आणि महिनाभर थांबलो. तेवढ्यात डावा भाग वाढला! मग ऑपरेशन. दीड वर्षाने एक छोटा डाग परत आला, तो सुई घालून मायक्रोवेव्हने जाळला. सध्या दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवत नाही.

केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध असेल तर गार सोसत नाही, फ्रिजला हात लावू देऊ नका. आईने दुधाची पिशवी काढली आणि झटका बसल्यासारखी सोडून दिली. पाणीसुद्धा कोमटच द्या.

निळी_शाई : कॅन्सर विभागात काम करते, पण तुमचे स्कॅन पाहिलेले नाहीत, हे धरून वाचा. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनने आधी लिव्हरमध्येच जातं, म्हणून तिथे बीज पडतं. फक्त तिथेच असेल तर चौथ्या स्टेजलाही काहींमध्ये पूर्ण बरं करण्याच्या हिशेबाने ऑपरेशन करतात. डाग किती यापेक्षा मागे किती लिव्हर उरतं ते बघतात. साधारण २० ते ३० टक्के उरावं लागतं, केमो झालेली असेल तर ३०च्या बाजूला.

माझ्या मते घाई केमोची नाही, लिव्हर सर्जनच्या भेटीची आहे, आणि ती सोमवारच्या आधी. केमोने डाग स्कॅनवरून गायब होतात, पण पेशी कित्येकदा तिथेच असतात, मग सर्जनला जागा सापडत नाही. त्यामुळे लिव्हरचा एमआरआय आधी करून घ्या.

बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) रास आणि बीराफ ही जनुकं आणि एमएसआय (पेशीतली डीएनए-दुरुस्ती बिघडल्याची खूण) तपासायला सांगा. गाठ डावीकडची आहे, रास-बीराफमध्ये बदल नसेल तर केमोबरोबर सेटुक्सिमॅब हे औषध चांगलं चालतं. रासमध्ये बदल असेल तर ते वाया जातं, मग बहुधा बेव्हॅसिझुमॅब हे दुसरं औषध देतात. ते ऑपरेशनच्या पाच-सहा आठवडे आधी थांबवावं लागतं, हे लक्षात असू द्या. एमएसआय-हाय थोड्यांचंच निघतं, पण निघालं तर केमोऐवजी इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारे उपचार) विचार होतो.

परळच्या टाटाला जाणार असाल तर ब्लॉक, स्लाइड आणि स्कॅनची सीडी न्या, नुसते कागद पुरत नाहीत. केस ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र बैठक) ठेवा म्हणावं. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात, पण महागडी औषधं त्यात धरून चालू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) औषधाचं नाव घेऊन विचारा.

धागाकर्ता : दोघींचे आभार. सर्जनची वेळ शनिवारची मिळाली, ब्लॉक उद्या लॅबमधून आणतो. एक राहिलंच. पाऊलवाट, आईंना लिव्हरचं कधी सांगितलंत?

पाऊलवाट : आम्ही सांगितलंच नव्हतं. केमोच्या डे-केअरमध्ये शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "तुमचंपण लिव्हरला गेलंय का?" आई घरी येईपर्यंत बोलली नाही. तुम्ही सोमवारच्या आधी सांगा.