'आपली मंडळी' ग्रुप: निखिलची लांबलचक गाडी

निखिल (डॅलस): मंडळी, फोटो टाकलेत. ब्यूक रोडमास्टर इस्टेट, १९९६. इकडेच एक माणूस विकतोय. घेऊ का?

आई: शववाहिका आहे का रे ही?

निखिल: आई!! स्टेशन वॅगन आहे, म्हणजे छत मागपर्यंत नेलेली लांब कार, हिलाच इस्टेटही म्हणतात. आठ माणसं बसतात. (याच चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, शववाहिकाही बनायच्या, ते सोड.)

सुमाआत्या: बाजूला लाकूड कसलं लावलंय?

निखिल: लाकूड नाही गं आत्या, तसं दिसणारं व्हायनिल, म्हणजे चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा. फार पूर्वी वॅगनची बॉडी खरंच लाकडाची असायची. कंपनीचं व्हायनिल फिकट होतं, विकणाऱ्याने ते काढून गडद लावलंय. शिवाय शेवरलेच्या इम्पाला एसएस गाडीची १७ इंची चाकं, गाडी दोन इंच खाली बसवलेली, नवा एक्झॉस्ट, मागे मोठा सबवूफर (धडधड आवाजाचा स्पीकर). साडेचौदा हजार डॉलर म्हणतोय.

सुमाआत्या: म्हणजे बारा-तेरा लाख! तीस वर्षांच्या गाडीला?

मीरा: आत्या, मी अजून हो म्हटलेलं नाही 🙂

केतन: दादा, पुण्याला पाठव. भाऊबीज समज.

निखिल: वापरलेली गाडी भारतात आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. वर ड्युटी. भाऊबीजेला तू आपला शर्ट घे.

नाना: आणि साडेपाच मीटर लांबी आहे. आपल्या पार्किंगच्या पट्ट्यात उभी केली तर नाक जोशींच्या दारात.

निखिल: नाना, तुम्हीच सांगा. तुम्हाला इस्टेट आवडायची ना?

नाना: आवडायची म्हणजे काय! १९९२ साली टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, टाटा इस्टेट काढली तेव्हा मी पिंपरीलाच होतो. पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो, एसी, सगळं होतं. इंजिन मात्र दोन लिटरच्या आतलं डिझेल, जेमतेम ६८ घोडे. तुझ्या त्या धुडाला २६० घोडे, ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या जातीचं. गावात लिटरला सहा-सात किलोमीटरच्या वर काही देणार नाही, हे मीराला आधी सांग.

मीरा: सांगितलं नव्हतं 🙂

नाना: मग आता ऐक. चाकं, एक्झॉस्ट ही हौस आहे, तिचे पैसे त्याने घातले, आपण कशाला भरायचे? इम्पाला एसएस त्याच चासीवरची, म्हणून चाकं सहज बसतात. त्यात कारागिरी काही नाही. गाडी खाली कशी बसवली ते विचार. दुसऱ्या स्प्रिंगा घातल्या असतील तर ठीक, जुन्याच कापल्या असतील तर नमस्कार करून घरी ये. आणि काढलेलं सामान ठेवलंय का? मूळ स्प्रिंगा, मूळ चाकं मिळत असतील तर भाव बोलता येईल.

नवीन व्हायनिलची मला जास्त शंका येते. जुनं काढल्यावर खाली काय निघालं ते तो सांगणार नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवरून आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरव. पत्रा असेल तिथे चिकटेल. गंज झाकायला लांबी (पुटी) भरली असेल तिथे सुटेल.

आणि बॉनेट उघडून पुढून वॉटर पंप बघ. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटून देणारा भाग, पंपाच्या खालीच बसवलाय. कोणी काढलं डिझाइन देव जाणे. पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर, मग गाडी अडखळते, ओल्या दिवशी तर जास्तच. पंप बदलला असेल तर बिल माग.

निखिल: नाना, हे तुम्हाला कसं माहीत?

नाना: रिटायर झालोय, यूट्यूब बंद झालेलं नाही.

केतन: एवढी भारी गाडी मग बंद का केली?

निखिल: १९८४ ला क्रायस्लरच्या मिनीव्हॅन आल्या, मग फोर्ड एक्सप्लोररसारख्या एसयूव्ही. सरकारच्या मायलेजच्या नियमात वॅगन 'कार' आणि एसयूव्ही 'ट्रक'. ट्रकला नियम सैल, नफाही जास्त. ही गाडी आर्लिंग्टनला बनायची, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. १९९६ ला बंद केली आणि तोच कारखाना ट्रक-एसयूव्हीला दिला.

आई: ते जाऊ दे. मुलं कुठे बसणार?

निखिल: तीच तर मजा! सगळ्यात मागची सीट उलटी असते, तोंड मागच्या रस्त्याकडे. ओवीने फोटो बघूनच जागा धरलीय.

मीरा: पण सबवूफर कुठे आहे, ते विचारा त्याला.

नाना: कुठे आहे?

निखिल: त्या सीटच्या जागी 😬 सीट गॅरेजमध्ये ठेवलीय म्हणतो.

नाना: बोल्ट आणि सीटबेल्टच्या पट्ट्यांसकट दाखव म्हणावं. मजल्याला भोकं पाडली असतील तर ती सीट परत पक्की बसेल याची खात्री कोण देणार?

मीरा: बसली तरी मी ओवीला तिथे बसवणार नाही. मागून कोणी धडकलं तर तिच्या पायापुढे नुसता एक दरवाजा.

आई: मीराचं बरोबर आहे.

सुमाआत्या: शंभर टक्के.

निखिल: बरं. मग ओवी मधल्या सीटवर. तिथे वरती काच आहे छताला, आकाश दिसतं.

मीरा: हे चालेल. पण साडेचौदा नाही.

नाना: साडेदहापासून सुरू कर. शनिवारी सकाळी जा आणि त्याला सांगून ठेव, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नकोस. गरम करून ठेवलेल्या गाडीचं दुखणं कळत नाही. टायटल पेपरवर (मालकीच्या कागदावर) 'सॅल्व्हेज', म्हणजे मोठ्या नुकसानीमुळे मोडीत काढलेली, असं लिहिलंय का तेही बघ. आगाऊ डॉलर एक देऊ नकोस.

निखिल: हो नाना. तिथून व्हिडिओ कॉल करतो.

आई: त्यांची साडेनऊची गोळी असते, त्याआधी कर. नाहीतर रात्रभर बॉनेटमध्येच डोकं घालून बसतील.