रामबुटानची पानं करपायलीत, पाच वर्षांत एक फूल नाही. तोडू का ठेवू?

अनगोळकर_७१
परसात रामबुटानचं, म्हणजे लिचीसारख्या फळाचं झाड आहे. पाच वर्षं झाली, नऊ फूट उंच आहे. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायलीत. नवी पालवी येते, महिनाभर बरी दिसते, परत तेच. फूल आजपर्यंत एकही नाही. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, फवारणी केली. मुलगा म्हणतोय तोडून टाका, तिथं कार लावूया. तोडू का ठेवू, तेवढंच सांगा. लांबण नको.

जांबोटी_पाऊसवाला
कलमी की बियाचं? पाणी कुठलं? माती काळी की तांबडी? ऊन किती? काहीच न सांगता "तोडू का ठेवू" म्हणजे डॉक्टरला फोनवर "पोट दुखतंय, कापू का" विचारल्यासारखं झालं की हो.

मातीत_हात
काही विचारू नका, जीवामृत घाला. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. महिन्यातून दोनदा. माझा चिकू मरत आलेला, आता कावळ्यांना पुरून उरतोय.

अनगोळकर_७१
माती तांबडी. ऊन दुपारपर्यंत, मग शेजाऱ्यांच्या भिंतीची सावली. रोप मित्रानं केरळहून आणलेलं. कलमी असेलच की, केरळचं आहे म्हटल्यावर.

जांबोटी_पाऊसवाला
केरळचं म्हणजे कलमी असं नसतंय. बुंध्यावर वीतभर उंचीला गाठ किंवा तिरकी खूण दिसते का बघा. रामबुटानच्या बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात. नराला फुलोरा येतो, फळ जन्मात नाही. कलमाला तीन-चार वर्षांत फळ दिसतं, बियाचं झाड पाच-सहा वर्षं सहज घेतं. म्हणजे फूल नाही म्हणून आत्ताच हाय खायचं कारण नाही.

नुसताच_वाचक
पण मँगोस्टीनला नर लागत नाही. आमच्या पाहुण्यांकडं एकच झाड आहे, भरभरून फळं येतात. मग रामबुटानलाच कशाला?

हिंडलग्याची_अक्का
कारण ती दोन वेगळी घराणी आहेत. मँगोस्टीन आमसुलाच्या नात्यातलं. त्याचं बी परागकणाशिवाय धरतं, म्हणून रोप हुबेहूब आईसारखं निघतं. रामबुटान लिचीच्या नात्यातलं. एकाचा कायदा दुसऱ्याला लावू नका.
अनगोळकर, करपणं पानाच्या टोकापासून कडेनं आत येतंय, की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतोय? पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी. कडा करपत असतील तर क्षार, नाहीतर पालाश (पोटॅश) कमी.

निपाणी_शेतमळा
रामबुटान, मँगोस्टीन ही हौसेची झाडं. ड्रॅगनफ्रूट लावा. सिमेंटचे खांब, वर गोल चकती, दुसऱ्या वर्षी फळ. पाणी कमीच लागतं.

अनगोळकर_७१
निपाणीवाले, मी काय विचारलंय, तुम्ही काय सांगायलाय!
अक्का, कडाच करपतायत, टोकाकडून. आणि बुंध्यावर खूण नाही. वरपासून खालपर्यंत गुळगुळीत.

जांबोटी_पाऊसवाला
म्हणजे बियाचंच. आता पाण्याचं बोला. बोअरचं आहे काय?

अनगोळकर_७१
अहो बोअरचं पाणी मी झाडाला घालेन काय! घरात बोअर आहे, पण खारट. झाडाला फिल्टरचं पाणी जातं. रोज, न चुकता.

मातीत_हात
फिल्टरचं पाणी झाडाला? पैसेवाले दिसताय! आमच्याकडं माणसांना मिळालं तरी पुरे. शुद्ध पाण्यात जीव नसतो, म्हणूनच करपतंय. जीवामृत घाला.

हिंडलग्याची_अक्का
थांबा जरा. शुद्ध पाणी तुम्ही पिता ना? मग झाडाला कुठलं जातं?

अनगोळकर_७१
फिल्टरमधून बाहेर पडतं ते. वाया कशाला घालवायचं म्हणून बारीक पाईप खिडकीतून आळ्यात सोडलाय. बायकोची कल्पना. दोन वर्षं झाली.

जांबोटी_पाऊसवाला
🤦 आणि हे पहिल्या पोस्टमध्ये नाही! ती आरओ फिल्टरची मशीन एक लिटर गोडं काढताना दोन-तीन लिटर टाकून देते. गोड्यातून काढलेला सगळा क्षार त्या टाकलेल्या पाण्यात उतरतो. बोअर आधीच खारट, त्याचं आटवलेलं पाणी रोज आळ्यात, आणि रामबुटान क्षाराला सगळ्यात नाजूक झाडांपैकी. आळ्यात मातीवर पांढरं काही दिसतंय का?

अनगोळकर_७१
दिसतंय. मला वाटलं, पेंडीची बुरशी.

हिंडलग्याची_अक्का
जिभेवर ठेवून बघू नका, पण ते मीठच. पाईप आजच काढा. पांढरा थर खरवडून लांब टाका. गच्चीचं पावसाचं पाणी जूनमध्ये त्याच आळ्यात सोडा, म्हणजे क्षार खाली धुऊन जाईल. पाणी तुंबणार नाही एवढं बघा. पाचोळा चार बोटं जाड पसरा, बुंध्याला टेकवू नका. जळालेली पानं परत हिरवी होत नाहीत, नवी पालवी कशी येते त्यावर डोळा ठेवा. आणि पालाश घालायचं झालं तर सल्फेट ऑफ पोटॅश आणा. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असतं, ते म्हणजे जखमेवर मीठ.

मातीत_हात
जीवामृतानं क्षारही मरतात.

हिंडलग्याची_अक्का
क्षार म्हणजे किडे आहेत काय, मरायला? बेसन घालून सोडियम कुठं जाणार?

टिळकवाडीची_झुळूक
एक भर घालते. फेब्रुवारीपासून पूर्वेकडनं सुटणारा कोरडा वारा आपल्याकडं रामबुटानला झोंबतो. केरळची दमट हवा इथं नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा तेरा-चौदावर येतो, तेव्हा झाड गप्प बसतं. पूर्वेला हिरवी जाळी बांधा. आमच्याकडं तशी बांधल्यापासून पानं बरी दिसतात.

निपाणी_शेतमळा
म्हणजे जाळी, पाचोळा, पावसाचं पाणी, एवढं करून परत नर निघायचं ते निघालंच तर?

जांबोटी_पाऊसवाला
तर तोडायचं नाही. फळणाऱ्या झाडाचा डोळा (सालीसकट कोंब) आणून दोन-तीन फांद्यांवर भरायचा, म्हणजे कलम करायचं. कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रानं दोन जाती काढल्यात, अर्का कूर्ग अरुण लाल आणि अर्का कूर्ग पीताभ पिवळी. मडिकेरीकडं जाणारं कुणी असेल तर चौकशी करायला सांगा. मुळं तयार, नऊ फुटांचं झाड आहे. ते तोडून कार लावणार म्हणजे कहर.

नुसताच_वाचक
कुणाला दुरियन लावून बघायचा आहे काय? बी आहे माझ्याकडं.

अनगोळकर_७१
पाईप काढला. पांढरं खरवडलं, अर्धी बादली निघाली. मुलाला सांगितलंय, कार रस्त्यावरच राहू दे. अक्का, आभार. बायकोला पाण्याचं सांगितलं नाही, सगळा दोष पेंडीवर ढकलला.

हिंडलग्याची_अक्का
बरं. आणि पाईप आता कुठं सोडलाय?

अनगोळकर_७१
कढीपत्त्यात.

हिंडलग्याची_अक्का
अहो!!