निखाऱ्यातली पुडी: तुमचे अनुभव सांगा

बांधावरची बोर
लेक काल म्हैसमाळच्या कॅम्पवरून आली, येताच चालू, आई आम्ही फॉइलमध्ये बटाटा, गाजर, शिमला मिरची, बटर घालून पुडी बांधली अन् शेकोटीत भाजली. मी म्हणलं त्यात काय, आमचे आबा ज्वारीच्या राखणीला असताना वांग्याला तेलमीठ लावून पळसाच्या पानात गुंडाळायचे, वरून चिखल थापायचे अन् गोवऱ्याच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात, पुरायचे. घड्याळ नव्हतं. दोन बिड्या संपल्या की वांगं झालं. चिखल फोडला की पान त्याच्याबरोबरच निघायचं, अन् जो वास यायचा तो मला अजून कुठंच आला नाही. रात्री हौसेनं गच्चीत फॉइल करून बघितलं तर वरून कोळसा, आत बटाटा कच्चा. कुणी केलंय का? काय चुकलं?

सुगरण नसलेली
जाळावर ठेवलंस ना? जाळ बसू दे की बाई, आर पडल्यावर ठेवायचं. बटाटा बारीक चिरला तर वीस-पंचवीस मिनिटं, अख्खा असला तर पाऊण तास. फॉइल दोन पदरी, अन् पुडी आवळायची नाही, वाफेला आत जागा लागते. घडी वर ठेव नाहीतर रस गळून राखेत जातो. बरं, लेकरू सर्दी घेऊन आलंय का? आमचं आलं होतं.

उंडा_लातूर
आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात, भज्जी, उंडे, आंबील सगळं घरूनच करून नेतेत, कडब्याच्या कोपीपुढं पूजा, मग जेवण. तिथं शेकोटी नसती. तरी दरवर्षी धाकटा काका हरभऱ्याच्या घाट्याचे डहाळे भाजायचाच अन् तोंड काळं करून घ्यायचा. विषय काय होता? हां फॉइल. नाही केलं कधी.

पोट्टा इंजिनिअर
नळदुर्गच्या ट्रिपला चिकन फॉइलमध्ये घातलं होतं, सहा जण, एक टॉर्च, अंधारात सगळे म्हणायलेत झालं झालं. मी चावलो तर हाडापाशी गुलाबी. दोन दिवस काय झालं ते विचारू नका 😂 आता थर्मामीटर घेतलाय, आत ७४ अंश दिसल्याशिवाय पुडी उघडून कुणाला देत नाही. मित्र मला डॉक्टर म्हणायलेत.

गच्चीवरची आजी
चकचकीत बाजू आत ठेवायची का बाहेर? सून म्हणते आत, मुलगा म्हणतो बाहेर, भांडण लागलंय.

पोट्टा इंजिनिअर
आजी काही फरक नाही. शेवटच्या फेरीत दोन पत्रे एकावर एक ठेवून रोलरमधून काढतेत, रोलरला लागलेली बाजू चमकते, आतली मळकट राहते, एवढंच. दोघांनाही जेवायला घाला.

सुगरण नसलेली
पण टमाटा, लिंबू, चिंच फॉइलमध्ये नको हां. मी स्टीलच्या डब्यात टमाट्याची भाजी ठेवून वरून फॉइल लावलं रात्रभर, सकाळी फॉइलला बारीक बारीक भोकं! आधी वाटलं उंदीर. झालं काय तर आंबट, मीठ अन् दोन वेगळे धातू. भाजीवर काळे ठिपके होते, म्हशीला पण नाही घातली.

माजलगावकर
२०१९ ला आम्ही जनावरं घेऊन चारा छावणीत होतो. दिवसभर चारा अन् पाण्याच्या टँकरची वाट. रात्री गोवरीच्या आरात बटाटे टाकायचो, तेही मोजून, दोघात तीन. फॉइल कुठलं. राख झटकून मीठ-मिरची लावली की जेवण. आमची कपिला हात चाटायला यायची, मीठ लागलेला असायचा ना. मे महिन्यात गेली ती. आता पोरगं हॉटेलात भाजलेला बटाटा मागवतंय, मी आपला भात खातो.

उंडा_लातूर
दादा 🙏 काही बोलायलाच राहिलं नाही.

बांधावरची बोर
माजलगावकर दादा, वाचून थांबले मी. आमच्या आबांनी पण बैल विकला त्या साली, त्यानंतर राखणीला गेलेच नाहीत.

शेंगदाणा चटणी
कुणाकडं गुळभेंडी ज्वारीचा हुरडा मिळंल का? दोन किलो पाहिजे, पाहुणे यायलेत.

उंडा_लातूर
आता कुठं, कणसं वाळली. डिसेंबरात विचारायचं होतं.

शेंगदाणा चटणी
डिसेंबरात पाहुणे नव्हते ना.

बांधावरची बोर
रविवारी वांगं पानातच करणार, फॉइल बस झालं. पण पळसाला आता पानंच उरली नाहीत हो, बघून आले.

गच्चीवरची आजी
केळीचं पान घे. अर्धापूरला माझी ननंद आहे, पाठवते. पण एस्टीत चुरगळतात, सांगून ठेवते.